तोडका अडकित्ता

माझ्या पिशवीत एक गुलाबी प्लास्टिकची वस्तू कायम असते. बायकांच्या गटात सत्र घ्यायचं असलं की सुरुवातीलाच ती सतरंजीवर मधोमध ठेवते आणि म्हणते, ओळखा बघू. वस्तू तळहातावर मावेल एवढी. वरच्या अंगाला वाकलेली चोच, खाली दोन लांब पाय, आणि त्या पायांच्या आतल्या बाजूला दोन फुगीर पाकळ्या. कोणी पक्षी म्हणतं, कोणी नांगर, कोणी कोंबडीच्या छातीतलं हाड. एकदा एका मावशींनी ती उचलली, दोन पाय चिमटीत दाबून पाहिले आणि निकाल देऊन टाकला, "अडकित्ता आहे. पण तोडका."

हा अडकित्ता इथे बसलेल्या प्रत्येकीकडे आहे, असं सांगितलं की खोलीत शांतता पसरते. मग एखादीचा पदर तोंडाला जातो आणि हसू फुटतं.

पुस्तकी मराठीत याला शिश्निका म्हणतात, डॉक्टर क्लिटोरिस म्हणतात. बोलण्यात मी ‘दाणा’ ऐकलाय. तो शब्द मला आवडतो, पण त्यात एक घोटाळा आहे. दाणा म्हणजे फक्त बाहेर दिसतं ते टोक. भुईमुगाचं झाड वर असतं आणि शेंगा मातीखाली. इथे बरोबर उलटं: दाणा वर आणि अख्खं झाड आत. टोकापासून आतल्या पायांच्या शेवटापर्यंत मोजलं तर साधारण ९ ते ११ सेंटिमीटर भरतं. बायकांच्या शरीरसुखाबद्दल घराघरांत आणि डॉक्टरी पुस्तकांतही जे गैरसमज चालत आले, त्यातले निम्मे तरी या झाडाचा नकाशा हाताशी नसल्यामुळे झालेत, असं माझं मत आहे.

शाळेतली आकृती आठवा. मधे गर्भाशय, दोन बाजूंना शिंगांसारख्या अंडनलिका, टोकाला अंडाशय, खाली योनीमार्ग. लांबून पाहिलं तर बैलाचं डोकं वाटावं. आकृती चुकीची नाही, पण ती मूल कुठून येतं याची आकृती आहे. मूल होण्याच्या वाटेवर शिश्निका लागत नाही, म्हणून तिला तिथे जागाच मिळाली नाही. पुरुषाच्या बाबतीत लघवी, वीर्य आणि सुख या तिन्हींचा रस्ता एकच, त्यामुळे त्याचा अवयव आकृतीत आपोआप येतो. शिश्निकेतून ना लघवी जाते, ना पाळी, ना बाळ. सुख देणं याखेरीज तिचं दुसरं काम आजवर कोणाला खात्रीने सापडलेलं नाही.

आधी बाहेरची जागा पाहू. आरसा घेऊन स्वतःचं स्वतः पाहिलं तर उत्तमच. या सगळ्या बाहेरच्या भागाला भग म्हणतात. आपण सरसकट ‘योनी’ म्हणतो, पण योनी म्हणजे आत जाणारा मार्ग. बाहेरून दोन जाड ओठ, त्यांवर केस. त्यांच्या आत दोन पातळ ओठ, त्यांवर केस नाहीत. हे पातळ ओठ वर जिथे एकमेकांना मिळतात तिथे कातडीची एक छोटी टोपी होते आणि टोपीखाली तो दाणा असतो. त्याच्या खाली लघवीचं बारीक छिद्र, त्याखाली योनीचं तोंड, आणि मग थोडं अंतर सोडून शौचाची जागा. म्हणजे तीन वेगवेगळी दारं. लघवी आणि पाळी एकाच जागेतून येते असं समजणाऱ्या, दोन बाळंतपणं झालेल्या बायका मला भेटल्यात. त्यात त्यांचा काय दोष? बाळंतपण करणाऱ्यांनीही कधी सांगितलं नाही.

आतले ओठ एकसारखे नसतात. एक लांब, एक आखूड, कडा दुमडलेल्या, बाहेर डोकावणारे, बाकीच्या अंगापेक्षा काळपट, सगळं नॉर्मल. गोरं करणाऱ्या क्रीमवाल्यांनी चेहरा संपल्यावर मुक्काम इथपर्यंत हलवलाय, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावं. सुगंधी वॉशचंही तेच. योनीच्या आत चांगले जिवाणू असतात, ते तिथलं वातावरण आंबट ठेवतात आणि त्यामुळे जंतू वाढत नाहीत. बाहेरून साधं पाणी पुरतं, आत काहीही घालून धुवायचं नसतं. अंगावरून थोडं पांढरं जाणं हाही आजार नव्हे. वास आला, खाज सुटली, रंग बदलला तर दाखवावं.

आता आतलं झाड. दाण्यामागे दोनेक सेंटिमीटरचा दांडा, तो वाकून खाली वळतो. मग त्याचे दोन पाय ओटीपोटाच्या खालच्या हाडाला चिकटून मागे जातात. आणि योनीच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना त्या फुगीर पाकळ्या. सगळं स्पंजसारख्या ऊतीचं. उत्तेजना आली की रक्त भरतं आणि फुगतं, पुरुषाचा अवयव ताठ होतो त्याच तऱ्हेने. यात नवल नाही, कारण दोघांचा कच्चा माल एकच. पोटातल्या गर्भाला सुरुवातीचे आठवडे एकच उंचवटा असतो. पुढे हार्मोन्सच्या हुकमाप्रमाणे त्याचं शिश्न होतं नाहीतर शिश्निका. ती म्हणजे पुरुषाच्या अवयवाची बारकी नक्कल, असं लिहिलेलं आढळतं. एकाच कणकेची पोळी झाली आणि पुरी झाली, तर पुरी ही पोळीची नक्कल का म्हणायची?

दाण्यात मज्जातंतू किती? कित्येक वर्षं ८,००० हा आकडा फिरत होता, आणि तो गुरांवरच्या अभ्यासातून आलेला. माणसाच्या शरीरातले तंतू अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या एका पथकाने मोजले ते २०२२ मध्ये. लिंगबदलाच्या शस्त्रक्रिया झालेल्या सात जणांनी परवानगी देऊन दिलेल्या नमुन्यांवरून. सरासरी निघाली १०,२८१. वाटाण्याहून लहान जागेत एवढ्या तारा! म्हणूनच काहीजणींना दाण्यावर थेट स्पर्श सोसत नाही, टोपीवरून किंवा बाजूने बरा वाटतो.

हे सगळं कुणालाच माहीत नव्हतं असंही नाही. इटलीच्या कोलंबो नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १५५९ मध्ये आपणच हा अवयव शोधला असं छापून टाकलं (घरात राहणाऱ्या बाईला घर सापडल्याची बातमी द्यावी तसं). जर्मनीच्या कोबेल्टने १८४४ मध्ये आतले पाय आणि पाकळ्या इतक्या बारकाईने काढल्या की आजही ती चित्रं पाहत राहावीत. पण पुढे हे ज्ञान पुस्तकांतून झिरपून गेलं. मेलबर्नच्या हेलन ओ'कॉनेल या मूत्ररोग सर्जनने मृतदेहांच्या विच्छेदनातून पूर्ण नकाशा पुन्हा मांडला तो १९९८ साली. त्याच साली व्हायग्रा बाजारात आली, हा योगायोग मी सत्रात मुद्दाम सांगते. २०१६ मध्ये ओडिल फियो या फ्रेंच संशोधिकेने थ्रीडी प्रिंटरवर छापता येईल असा नमुना सगळ्यांसाठी खुला केला. माझ्या पिशवीतला अडकित्ता त्याच घराण्यातला.

मधल्या काळात नकाशा नसल्यामुळे काय झालं? मनोविश्लेषक फ्रॉइडने १९०५ मध्ये मांडलं की मुलीचं सुख दाण्यात असतं, पण ती मोठी झाली की ते योनीत उतरायला हवं. नाही उतरलं तर ती बाई अपक्व राहिली. एका वाक्यात जगातल्या बहुसंख्य बायका नापास! नेपोलियनच्या घराण्यातली राजकन्या मारी बोनापार्ट पुढे फ्रॉइडची शिष्या झाली. तिला संभोगात तृप्ती मिळत नसे आणि कारण शोधायचा तिने चंग बांधला. २४३ बायकांच्या बाबतीत दाणा आणि योनीचं तोंड यांतलं अंतर पट्टीने मोजलं आणि १९२४ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध केलं. अंतर अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर संभोगात तृप्ती येण्याची शक्यता जास्त, असा तिचा निष्कर्ष. २०११ मध्ये दोन अमेरिकी अभ्यासकांनी तिचे आकडे पुन्हा तपासले, तर त्यात तथ्य निघालं. मोजमाप बरोबर होतं. पण त्यावरून तिने काय केलं? व्हिएन्नाच्या सर्जनकडून स्वतःचा दाणा खाली सरकवून घेतला. एकदा जमलं नाही म्हणून पुन्हा. तरीही उपयोग झाला नाही. नवऱ्याचा किंवा स्वतःचा हात चार बोटं वर नेण्याऐवजी बाईने अवयवच हलवायचा, हा त्या काळचा न्याय.

तिची पहिली शस्त्रक्रिया १९२७ची. त्याच वर्षी जुलैत इकडे मुंबईत र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. संततिनियमनाच्या प्रचारापायी गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी आधीच सोडावी लागलेली. बाईला कामसुखाचा हक्क पुरुषाइतकाच आहे, हे ते मराठीत, आडपडदा न ठेवता लिहीत आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांच्या बाजूने बॅरिस्टर उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, मासिक मात्र १९५३ पर्यंत निघत राहिलं. या विषयावर मराठीत बोलता येत नाही असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. आजोबांच्या पिढीला येत होतं.

नकाशा समोर असला की आतलं सुख श्रेष्ठ की बाहेरचं हा जुना वाद विरून जातो. पाकळ्या योनीच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी धरून आहेत आणि योनीच्या पुढच्या भिंतीपलीकडे मूत्रमार्ग आणि शिश्निकेचा आतला भाग. आतून त्या भिंतीवर दाब आला तर तो झाडापर्यंत पोचतो. काहीजणींना त्यात फार सुख मिळतं, काहींना लघवीला लागल्यासारखं वाटतं. ग्रेफेनबर्ग नावाच्या डॉक्टरने १९५० मध्ये या भागाबद्दल लिहिलं, त्याच्यावरून पुढे ‘जी-स्पॉट’ हे नाव पडलं. मग पुरुषमंडळी तिथे बटण शोधू लागली. वेगळं बटण विच्छेदनात कोणालाही खात्रीने सापडलेलं नाही. योनीचा आतला दोन-तृतीयांश भाग तर स्पर्शाच्या बाबतीत बराच मुका असतो, नाहीतर बाळंतपण कसं सोसवलं असतं?

म्हणूनच एका अमेरिकी पाहणीत (२०१८, हजारावर बायका) जेमतेम १८ टक्के म्हणाल्या की नुसत्या संभोगाने पुरतं. ३७ टक्क्यांच्या आसपास म्हणाल्या की दाण्याला स्पर्श असल्याशिवाय तृप्ती येतच नाही. त्याच साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या, पन्नास हजारांवर लोकांच्या पाहणीत स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांपैकी ९५ टक्क्यांना नेहमी किंवा बहुतेक वेळा तृप्ती येते. पुरुषाशी संबंध ठेवणाऱ्या बायकांत ६५ टक्के, आणि बायकांशी संबंध ठेवणाऱ्या बायकांत ८६ टक्के. शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. बायकांचं शरीरच अवघड असतं, हा बहाणा तिथे टिकत नाही.

लग्न ठरलेल्या मुलांच्या सत्रात हमखास पहिला प्रश्न येतो, "मॅडम, किती मिनिटं टिकायला पाहिजे?" मी विचारते, सुरू कुठून धरताय? बाईच्या शरीरात काय होतं ते सांगते. झाडात रक्त भरतं, ओठ आणि पाकळ्या फुगतात. योनीच्या भिंतींमधून पाणी पाझरतं, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब सुटावेत तसं, फक्त इथे ते रक्तातून झिरपून आत येतं. आतला भाग लांब-रुंद होतो, गर्भाशय वर उचललं जातं, म्हणजे खरोखर जागा तयार होते. याला वेळ लागतो, आणि प्रत्येकीला वेगळा. जागा तयार व्हायच्या आधीच घाई केली तर तिला दुखणार. तेव्हा घड्याळ लावायचंच असेल तर त्याआधीच्या वेळाला लावा. एकदा प्रश्न विचारणारा मुलगा वहीत लिहून घेत होता, हे मला फार आवडलं.

तृप्तीच्या क्षणी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, योनीचं तोंड आणि गर्भाशय तालात आकुंचन पावतात, साधारण सेकंदाला एकाहून थोड्या जास्त वेगाने. कधी तीनचार झटके, कधी दहाबारा. सिनेमातल्यासारखा आवाज निघेलच असं नाही. काही जणींना नुसता एक दीर्घ सैलपणा जाणवतो. पुरुषासारखी मधे सक्तीची विश्रांती नसल्यामुळे लगेच पुन्हाही येऊ शकते. आली नाही तर रात्र फुकट गेली असंही नाही. मात्र आल्याचं नाटक करू नये. नाटक केलं की समोरच्याला चुकीच्या रस्त्याचं बक्षीस मिळतं आणि तो पुन्हा तिथूनच येतो.

मन या सगळ्याच्या वर. लैंगिक इच्छेला गाडीसारखा एक अॅक्सिलरेटर असतो आणि एक ब्रेक, असा एक विचार लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या किन्से संस्थेतल्या बॅनक्रॉफ्ट आणि यान्सेन यांनी मांडला. मला तो आपल्या घरांना चपखल बसताना दिसतो. वन रूम किचन, पलीकडे सासूबाई, मधे झोपलेलं पोर, पहाटे पाचला येणारं पाणी, ६:४२ची लोकल, पाळी चुकली तर काय ही धास्ती. एवढे ब्रेक दाबलेले असताना नवरा अॅक्सिलरेटर पिळत बसतो आणि वर म्हणतो, ही थंड आहे. डबा नवऱ्याने भरला आणि बायकोने तांबी बसवून घेतली, तर पुष्कळ घरांत गाडी आपोआप हलते. शिवाय इच्छा आधी आणि जवळीक नंतर, असा क्रम सगळ्यांचा नसतो. बऱ्याच बायकांना निवांत जवळीक सुरू झाल्यावर इच्छा होते. तो आजार नव्हे.

आणि एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. शरीर ओलं झालं म्हणजे बाईचा होकार आहे असं नसतं. नको असताना, जबरदस्तीतसुद्धा शरीर आपोआप प्रतिसाद देऊ शकतं. उलट मनापासून इच्छा असून ओलावा कमी असू शकतो. होकार तोंडाने विचारायचा असतो.

योनिपटलाबद्दल थोडक्यात. योनीच्या तोंडाशी असलेली ती कातडीची लवचीक घडी आहे, सहसा चंद्रकोरीसारखी. डबीचं सील नव्हे. सील असतं तर पाळी कुठून आली असती? पहिल्या वेळी अनेकींना रक्त येत नाही, आणि ती घडी पाहून आधी संबंध आला होता का हे कोणी सांगू शकत नाही. पुणे-पिंपरीच्या कंजारभाट समाजातली तरुण मुलं २०१८ मध्ये पांढऱ्या चादरीच्या प्रथेविरुद्ध उभी राहिली, त्यांना घरच्यांचा आणि पंचांचा रोष पत्करावा लागला. बलात्कार झालेल्या बाईची केली जाणारी दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये खासगीपणाचा भंग ठरवली आणि २०२२ मध्ये पुन्हा कडक शब्दांत मोडीत काढली.

पहिल्या रात्री दुखायचंच, हेही डोक्यातून काढून टाका. बहुतेकदा ते घाईचं, कोरडेपणाचं किंवा भीतीने आवळलेल्या स्नायूंचं दुखणं असतं. काहीजणींचे स्नायू बोटसुद्धा आत जाऊ नये इतके आपोआप आवळतात. याला व्हजायनिस्मस म्हणतात. लग्नाला चार वर्षं झाली तरी संबंध न झालेली जोडपी या कारणाने मूल होत नाही म्हणून दवाखान्यांत फिरत असतात. यावर उपचार आहे: समुपदेशन, त्या स्नायूंची फिजिओथेरपी, हळूहळू वाढत्या मापाच्या नळ्या. ‘रिलॅक्स हो’ म्हणून ओरडणं हा उपचार नव्हे.

परवाच्या सत्रात, सगळ्या चहाला उठल्यावर, एक साठीच्या काकू मागे राहिल्या. अडकित्ता हातात फिरवत म्हणाल्या, "माझी तर पिशवी काढलीय, पंधरा वर्षं झाली. मग हेपण गेलं असेल?" नाही गेलं काकू. गर्भाशय काढताना याला हात लावत नाहीत. पाळी जाण्याने किंवा अंडाशय काढल्याने इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं, तेवढी कातडी पातळ आणि कोरडी होते, म्हणून जळजळतं. बाळाला पाजणाऱ्या बाईलाही तसाच कोरडेपणा येतो. पाण्यात विरघळणारं, ओलावा देणारं ल्युब्रिकंट मेडिकलमध्ये मिळतं. खोबरेल तेलही पुष्कळ जणी लावतात, फक्त निरोध वापरत असाल तर नको, तेलाने त्याचं रबर कमकुवत होतं. फारच त्रास असेल तर योनीत लावायची इस्ट्रोजेनची क्रीम असते, ती डॉक्टरांनी तपासून द्यायची, स्तनांचा कॅन्सर झालेला असेल तर तो आवर्जून सांगायचा.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग पर्समधून किराणाची यादी काढली आणि मागची कोरी बाजू माझ्यापुढे धरली. "त्या पहिल्याचं नाव लिहा. मराठीत लिहा. आणि मोठ्या अक्षरात." मी लिहिलं. त्यांनी घडी घातली, पुन्हा उघडून पाहिली आणि म्हणाल्या, "घेईन साताऱ्याला जाईन तेव्हा. गावातला मेडिकलवाला माझा पुतण्या आहे."